हवेचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : स्वांते अऱ्हेनिअस

आम्ल आणि अल्कली यांचा धडा शिकताना आपल्या विद्यार्थ्यांना अऱ्हेनिअस हे नाव प्रथम भेटते. पाण्यात विरघळल्यावर जे हायड्रोजनचे आयन देते ते आम्ल आणि जे हायड्रॉक्साइडचे आयन देते ती अल्कली, ही व्याख्या पाठ होते, परीक्षेत दोन गुण पदरात पडतात आणि नाव विसरले जाते. (जाता जाता सांगायला हरकत नाही की अल्कली हा शब्द मूळचा अरबी आहे. खाऱ्या जमिनीतील वनस्पतींच्या राखेला अरब रसायनज्ञ अल्-कली म्हणत.) परंतु याच माणसाने आणखी एक काम करून ठेवले आहे. ते त्याच्या हयातीत फारसे कोणी मनावर घेतले नाही, आणि आज मात्र सगळे जग त्याविषयी बोलत आहे. पृथ्वी कशामुळे तापते आणि कशामुळे थंड होते, याचा आकड्यांनिशी पहिला सविस्तर हिशेब त्याने मांडला.

उन्हाळा कडक झाला की आपल्याकडील वडीलधारी मंडळी सूर्याला दोष देतात. वर्गातली चुणचुणीत मुलेही विचारतात की सूर्यच जास्त तापू लागला असेल तर त्यात माणसाचा काय गुन्हा? प्रश्न वाजवी आहे. त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही, आणि पुस्तकात लिहिले आहे म्हणून मान, असे सांगण्यातही नाही. हा प्रश्न हिशेबानेच सुटतो, म्हणून हा हिशेब करणाऱ्या माणसाची हकिकत आपल्या पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावीशी वाटते.

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनिअसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात उप्साला शहराजवळील विक या गावी झाला. वडील जमीनमोजणीचे काम करीत. उप्साला विद्यापीठाच्या नोकरीत होते आणि विकच्या जहागिरीची व्यवस्थाही पाहत. घरात श्रीमंती नव्हती, पण वह्या-पुस्तकांचा वावर होता. मुलगा तिसऱ्या वर्षीच आपण होऊन वाचायला शिकला. वडील जमाखर्चाच्या वह्यांत बेरजा करीत बसले की तो शेजारी बसून पाहत राही, आणि पाहता पाहता आकडे त्याच्या बोटांवर नाचू लागले. त्याला कोणी मुद्दाम शिकवणी लावली नव्हती. आपल्यापैकी ज्यांचे दुकान आहे, ज्यांच्या घरी रोजचा हिशेब लिहिला जातो, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाला गणित शिकवायला नेहमी वेगळा वर्ग लागतोच असे नाही.

आठव्या वर्षी त्याला उप्सालाच्या कॅथीड्रल शाळेत एकदम पाचव्या इयत्तेत घेतले. १८७६ साली तो शाळेतून बाहेर पडला तेव्हा आपल्या तुकडीत तो वयाने सर्वांत लहान आणि बुद्धीने सर्वांत पुढे होता. त्यानंतर तो गावातल्याच विद्यापीठात दाखल झाला, आणि तेथे त्याची निराशा झाली. पदार्थविज्ञानाचे थालेन आणि रसायनाचे क्लेव्ह हे दोघेही प्राध्यापक नामांकित होते. परंतु या विद्यार्थ्याला ज्या प्रश्नांची ओढ होती ते प्रश्न त्यांच्या अध्यापनात त्याला सापडेनात. १८८१ साली तो उप्साला सोडून स्टॉकहोमला एडलुंड यांच्या हाताखाली काम करण्यास गेला.

तेथे त्याने विषय घेतला तो असा. साध्या शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात मीठ टाकले की वाहू लागते. असे का होते? अऱ्हेनिअसने असे मांडले की मीठ पाण्यात विरघळताच त्याच्या कणांची आपोआप फाळणी होते, एक तुकडा धन भाराचा आणि एक ऋण भाराचा. हे तुकडे म्हणजे आयन, आणि तेच वीज वाहून नेतात. आज हे दहावीचा मुलगा सांगतो. १८८४ मध्ये मात्र ते ऐकून जाणकारांनी कपाळाला आठ्या घातल्या. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरिन हा विषारी वायू, मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे होऊन गुण्यागोविंदाने राहतात असे कोण मानणार? भार असलेला अणू आणि भार नसलेला अणू यांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक असतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

हा प्रबंध त्याने उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी त्याला चौथा वर्ग दिला, आणि तोंडी परीक्षेत त्याने आपली बाजू मांडल्यावर कसाबसा तिसरा. त्या वर्गावर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळत नसे. म्हणजे पंचविसाव्या वर्षी दारे बंद झाल्यासारखीच होती. आपल्या समाजात अशा निकालानंतर मुलाला गॅरेजवर किंवा दुकानावर बसवतात, अथवा आखातात कोणाकडे चिठ्ठी पाठवतात. अऱ्हेनिअसने दुसरेच केले. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. त्यांपैकी रिगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तो इतका महत्त्वाचा वाटला की ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतः उप्सालाला येऊन थडकले आणि या तिसऱ्या वर्गाच्या तरुणाला त्यांनी आपल्याकडे नोकरी देऊ केली. वडील आजारी असल्यामुळे तो गेला नाही. पण बाहेरचा एवढा मोठा माणूस दाराशी आल्याचे पाहून विद्यापीठाचा सूर बदलला आणि त्याला अध्यापनाची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी वडील वारले.

१८८६ पासून काही वर्षे तो शिष्यवृत्तीवर रिगा, व्युर्झबुर्ग, ग्राझ, ॲमस्टरडॅम, लाइपझिग असा हिंडला आणि ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमान, व्हांट हॉफ यांच्या प्रयोगशाळांत काम करून आला. १८८७ मध्ये त्याचा आयनांचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात छापला गेला. १८९१ साली त्याने स्टॉकहोमच्या होग्स्कोला या उच्च शिक्षणसंस्थेत अध्यापक म्हणून काम सुरू केले. ही संस्था त्या वेळी तरुण होती. ती नागरिकांच्या देणग्यांतून उभी राहिली होती आणि पदव्या देण्याचा अधिकारही तिला सुरुवातीला नव्हता. जर्मनीतील गीसेनच्या विद्यापीठाचे निमंत्रण सोडून अऱ्हेनिअस या संस्थेत राहिला. १८९५ मध्ये, बऱ्याच विरोधानंतर, तो तेथे प्राध्यापक झाला आणि पुढे तिचा प्रमुखही. वर्गणी गोळा करून शाळा काढणाऱ्या मंडळींना या गोष्टीचे मोल सांगायला नको.

आता हवेच्या हिशेबाकडे वळू. स्टॉकहोममधील काही शास्त्रज्ञांनी पदार्थविज्ञानाची एक सभा काढली होती. तेथे हवामान, समुद्र, ज्वालामुखी, ध्रुवीय प्रकाश अशा नाना विषयांवर चर्चा चाले. त्या काळी भूगर्भशास्त्रज्ञांना एका कोड्याने पछाडले होते. स्वीडनच्या शेतांत मैलोगणती दूरच्या खडकांचे प्रचंड धोंडे पडलेले आढळतात. ते हिमनद्यांनी वाहून आणले, म्हणजे एके काळी हा सारा प्रदेश बर्फाखाली गाडला गेला होता, हे तोपर्यंत सिद्ध झाले होते. पण मग हिमयुग आले कशामुळे आणि सरले कशामुळे?

येथे दोन पक्ष होते. एक पक्ष सूर्याचा. या पक्षाचा मोठा पुरस्कर्ता जेम्स क्रोल हा स्कॉटलंडमधील एका गरीब घरातला माणूस. शिक्षण जेमतेम, बरेच उद्योग करून झाल्यावर ग्लासगोच्या एका महाविद्यालयात त्याने देखरेख्याची नोकरी धरली, आणि ती धरण्याचे एक कारण असे की तेथे उत्तम ग्रंथालय होते. इमारतीची झाडलोट आणि कुलूपकिल्ल्या सांभाळणाऱ्या या माणसाने उरलेल्या वेळात खगोलगणित आत्मसात केले आणि प्रतिपादन केले की पृथ्वीची कक्षा हजारो वर्षांत थोडीथोडी बदलते, त्यामुळे सूर्याची उष्णता निरनिराळ्या ऋतूंत कमीअधिक वाटली जाते आणि हिमयुगे येतात. (क्रोलवर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहावा असे मला फार वाटते.) दुसरा पक्ष हवेचा. सूर्य तोच, कक्षा तीच, पण हवेतील काही वायूंचे प्रमाण बदलले तर पृथ्वी तापेल किंवा गारठेल असे या पक्षाचे म्हणणे होते.

हवेच्या पक्षाची पार्श्वभूमी थोडी समजून घेतली पाहिजे. सूर्य अतिशय तप्त आहे, म्हणून त्याची बरीचशी उष्णता प्रकाशाच्या रूपाने येते आणि हवेतून आरपार जमिनीवर पोचते. जमीन तापते आणि तीही उष्णता बाहेर टाकते. परंतु ती सूर्याच्या मानाने अगदी थंड असल्यामुळे तिची उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी जाते. हे किरण हवेला तितके सहज भेदता येत नाहीत. फ्रान्समधील फूरिए यांनी १८२४ मध्ये ही कल्पना मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते, शिवाय सावकाश निवते, असे दाखवले. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी काटेकोर प्रयोग करून सिद्ध केले की हवेचा प्रचंड मोठा भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या अदृश्य उष्णतेला अडवीतच नाहीत. अडवतात ते अगदी थोड्या प्रमाणात असलेले वायू, म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, पण ती पांघरली की अंगची ऊब टिकते. या वायूंचे काम तसेच आहे. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस असते. ते आहे सुमारे १५ अंश. हा ३३ अंशांचा फरक या पांघरुणाचा. त्यांना आता हरितगृह वायू म्हणतात.

एवढे ठाऊक होते. परंतु किती वायू वाढला तर किती अंश, हे कोणीही सांगितले नव्हते. १८९४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, लोक सणाच्या तयारीत असताना, अऱ्हेनिअस हे गणित घेऊन बसला. ते संपायला जवळजवळ एक वर्ष लागले.

या वर्षात त्याच्या घरात काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. १८९४ मध्येच त्याने आपली विद्यार्थिनी आणि सहायक सोफिया रूडबेक हिच्याशी लग्न केले होते. हा संसार टिकला नाही. १८९५ मध्ये मुलगा झाला आणि १८९६ मध्ये दोघे कायमचे विभक्त झाले. त्या उदास महिन्यांत तो दिवसचे दिवस आकडेमोड करीत राहिला असे त्याचे चरित्रकार सांगतात. यंत्र नाही, सहायक नाही. कागद, पेन्सिल आणि लॉगॅरिथमची कोष्टके. केलेल्या आकडेमोडींची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली असावी असा अंदाज आहे.

आकडेमोडीला कच्चा माल मिळाला तो चंद्राकडून. अमेरिकेतील सॅम्युअल लँगली या खगोलशास्त्रज्ञाने अतिसूक्ष्म उष्णता मोजणारे एक उपकरण तयार केले होते आणि चंद्राच्या तापलेल्या पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त किरण त्याने मोजले होते. चंद्र डोक्यावर असताना त्याचे किरण हवेच्या कमी जाडीतून येतात. क्षितिजाजवळ असताना तिरपे, म्हणजे कितीतरी अधिक हवेतून येतात. दोन्ही वेळच्या मोजमापांची तुलना केली की हवेतील वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी किती उष्णता वाटेत गिळली ते काढता येते. आपण चंद्राकडे पाहतो तो रमजानचा किंवा ईदचा चाँद दिसला की नाही एवढ्यासाठी. या कामाला तो बारीक कोर उपयोगाची नाही, चौदाव्या रात्रीच्या सुमाराचा भरलेला चंद्र हवा. लँगलीने हे आकडे चंद्राचे तापमान काढण्यासाठी जमवले होते. त्यांतून पृथ्वीच्या हवेचा हिशेब निघेल हे अऱ्हेनिअसने ओळखले.

त्याने पृथ्वीचे अक्षांशाच्या दहा-दहा अंशांचे पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यासाठी चारही ऋतूंचे तापमान आणि हवेचा दमटपणा घेतला. मग कार्बन डायऑक्साइड कमी केला तर काय, दीडपट, दुप्पट, अडीचपट, तिप्पट केला तर काय, असे प्रत्येक खाते वेगवेगळे मांडले. जमेला सूर्याची उष्णता, खर्चाला पृथ्वीने अवकाशात टाकलेली उष्णता, आणि शिल्लक म्हणजे तापमान. यात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. कार्बन डायऑक्साइडने हवा थोडी तापली की त्या गरम हवेत पाण्याची वाफ अधिक मावते. वाफ स्वतःच उष्णता अडवते, म्हणून हवा आणखी तापते. म्हणजे मुदलावर व्याज चढते. अऱ्हेनिअसने हे व्याज हिशेबात धरले.

उत्तर असे आले की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढेल आणि तो जवळजवळ निम्म्यावर आला तर हिमयुग परतेल. डिसेंबर १८९५ मध्ये हा निबंध स्वीडिश विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला आणि एप्रिल १८९६ मध्ये इंग्रजीत छापून आला.

या निबंधातला एक भाग माझ्या मते त्या मुख्य आकड्याहूनही मोलाचा आहे. वायूमुळे होणारी तापमानवाढ सगळीकडे आणि सदासर्वदा सारखी असणार नाही, असे त्याच्या कोष्टकांत दिसून आले. ती दिवसापेक्षा रात्री जास्त, उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त, समुद्रापेक्षा जमिनीवर जास्त आणि विषुववृत्तापेक्षा उत्तरेकडील थंड प्रदेशांत जास्त असणार होती. कारण उघड आहे. रात्री सूर्य नसतो, पांघरूण मात्र असते. सूर्यच प्रखर झाला असता तर वाढीचा जोर जेथे आणि जेव्हा ऊन असते तेथे अधिक दिसला असता. सूर्य आणि हवा यांपैकी कोणामुळे वाढ झाली हे ओळखण्याची खूण अशा रीतीने १८९६ मध्येच कागदावर आली होती.

मूळ प्रश्न हिमयुगाचा होता, भविष्याचा नव्हता. परंतु त्याचे सहकारी भूगर्भशास्त्रज्ञ आर्विड होग्बोम यांनी हवेत कार्बन डायऑक्साइड कोठून येतो आणि कोठे जातो याचा ताळेबंद केला होता. त्यात एक नवे कलम होते ते कारखान्यांच्या कोळशाचे. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा निघत असे, आणि तो जाळल्याने हवेतील साठ्यात दरवर्षी सुमारे एक सहस्रांश भर पडत होती. हे अगदी थोडे वाटले. या गतीने फरक पडायला हजारो वर्षे लागतील असे अऱ्हेनिअसला वाटले. दहा वर्षांनी, १९०६ साली लिहिलेल्या एका लोकप्रिय पुस्तकात त्याने ही मुदत काही शतकांवर आणली, कारण कोळशाचा खप झपाट्याने वाढला होता. त्याच सुमारास त्याने आपला आकडाही सुधारला आणि दुप्पट वायूला सुमारे ४ अंश असा धरला.

या वाढीची त्याला भीती वाटत नव्हती, उलट आनंदच होता. हिवाळ्यात दिवसच उजाडत नाही अशा देशातला तो माणूस. पुढच्या पिढ्यांना सौम्य हवा मिळेल, थंड प्रदेशांत पिके चांगली येतील आणि वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरेल असे त्याने लिहून ठेवले. ज्या देशांत मे महिन्यात दुपारी बारानंतर बांधकामावर उभे राहता येत नाही त्यांचा विचार या आशेत नव्हता. त्याच्या कोष्टकांत उष्ण कटिबंधाचे पट्टेही होते आणि तेथील तापमानही चढलेले होते, हे पाहिले म्हणजे थोडे वाईट वाटते.

निबंधाचे स्वागत थंड झाले. १९०० साली उप्सालाच्याच क्नूट आँगस्ट्रम यांच्या प्रयोगशाळेत एका नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून उष्णता पाठवली गेली. वायू एक तृतीयांशाने कमी केला तरी अडलेल्या उष्णतेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे आहे तेवढाच वायू आपल्या वाट्याची सारी उष्णता अडवतो, आणखी घालून काय होणार? हा आक्षेप पुष्कळांना पटला आणि पुढील काही दशके हे प्रकरण जवळजवळ बासनात गेले. आक्षेपातील खोट अशी की हवा म्हणजे एक नळी नव्हे. ती थरांची रास आहे. खालच्या थराने गिळलेली उष्णता तो वरच्याला देतो, तो आणखी वरच्याला, आणि शेवटी जेथे हवा अगदी विरळ होते तेथून ती अवकाशात सुटते. वायू वाढला की हे सुटण्याचे ठिकाण आणखी उंच, म्हणजे आणखी थंड थरात जाते. थंड थर कमी उष्णता टाकतो. खर्च कमी आणि जमा तेवढीच, तेव्हा शिल्लक वाढणारच.

अऱ्हेनिअस या वादात फार काळ अडकला नाही. त्याची कीर्ती आयनांवर उभी होती. १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला स्वीडिश. ज्या प्रबंधाला तिसरा वर्ग मिळाला होता त्याच कामाबद्दल हे पारितोषिक होते, आणि त्या वर्षी रसायनाच्या नोबेल समितीचे अध्यक्ष होते क्लेव्ह, म्हणजे उप्सालातले ते जुने प्राध्यापक! १९०५ मध्ये बर्लिनहून बोलावणे आले तेव्हा तो देश सोडून जाऊ नये म्हणून अकादमीने त्याच्यासाठी स्वतंत्र संशोधनसंस्था काढली, आणि शेवटपर्यंत तो तिचा संचालक राहिला. त्याच वर्षी मारिया योहान्सन हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला.

थोर माणसांची चरित्रे लिहिताना डाग पुसून काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही. १९०९ मध्ये स्वीडनमध्ये वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी एक संस्था निघाली, तिच्या कार्यकारिणीत अऱ्हेनिअस होता. माणसांची उच्चनीच अशी प्रतवारी करणाऱ्या या विचाराने पुढे युरोपात काय अनर्थ केला हे सर्वांना माहीत आहे. रसायनातली बुद्धी माणसाला प्रत्येक ठिकाणी शहाणा करते असे नाही. शास्त्रातही तो कधी कधी वाहवत जाई. शुक्र हा ग्रह ढगांनी झाकलेला आहे, म्हणून तेथे दमट दलदली आणि वनस्पती असाव्यात असे त्याने १९१८ साली लिहिले. प्रत्यक्षात शुक्राच्या हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तेथील तापमान ४६० अंशांच्या आसपास असते. बुध सूर्याच्या कितीतरी अधिक जवळ, तरी सरासरीने शुक्र त्याहून तप्त. शिवाय शुक्राचे पांढरे ढग बहुतेक ऊन परतवून लावतात. अऱ्हेनिअसच्या आपल्याच सिद्धांताचा एवढा ढळढळीत पुरावा आकाशात लुकलुकत होता आणि तो त्याला दिसला नाही. अर्थात तेव्हा तेथली हवा मोजण्याचे साधन नव्हते.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्याचे निधन झाले. उप्साला येथे त्याला दफन करण्यात आले. मृत्युलेखांत आयनांचा गौरव होता.

अकरा वर्षांनी, १९३८ मध्ये, गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्रज अभियंत्याने १४७ हवामान केंद्रांच्या नोंदी जमवून दाखवून दिले की पृथ्वी तापते आहे आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडही वाढतो आहे. त्यालाही कोणी फारसे मानले नाही. मग १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर या वायूची अखंड मोजणी सुरू केली. तेव्हा तो दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० होता, हे ध्रुवावरील जुन्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. २०२४ मध्ये तो ४२० च्या पुढे गेलेला होता. अऱ्हेनिअसने हजारो वर्षांच्या अंतरावर ठेवलेली दीडपट सव्वाशे वर्षांतच गाठली गेली.

सूर्याचे काय? त्याची साक्षही घेतली गेली आहे. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह हवेच्या बाहेरून सूर्याची उष्णता मोजत आहेत. ती दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट आहे आणि डागांच्या ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण एक सहस्रांशाने खालीवर होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वाढीत सूर्याचा थोडा हात होता असे मानतात. परंतु १९८० नंतर, जेव्हा तापमान सर्वांत वेगाने चढले, तेव्हा सूर्याचा जोर वाढलेला नाही. किंचित उतरलेलाच आहे. आणि अऱ्हेनिअसच्या खुणा एकेक करून पटल्या. गेल्या शतकाच्या मध्यापासून पाहिले तर रात्री दिवसांपेक्षा अधिक तापल्या, जमीन समुद्रापेक्षा अधिक तापली, आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेश जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक वेगाने तापतो आहे. आणखी एक खूण पुढे स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवली. वायूमुळे खालची हवा तापेल, परंतु फार उंचावरची हवा थंड होईल. सूर्य प्रखर झाला असता तर वरची हवाही तापली असती. मोजमापे सांगतात की ती थंड झाली आहे. मानाबे यांना २०२१ साली, नव्वदाव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

हिमयुगाच्या मूळ वादात मात्र अऱ्हेनिअसचा पक्ष पूर्ण जिंकला असे म्हणता येत नाही. क्रोलचे टाकून दिलेले सूत्र सर्बियाच्या मिलुतिन मिलांकोविच यांनी पुन्हा उचलले, आणि १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळावरून दिसले की हिमयुगांची ये-जा कक्षेच्या बदलांच्या तालावर झाली आहे. तेव्हा पहिला धक्का सूर्याच्या उन्हाच्या वाटणीचा. पण तो धक्का एकटा फार दुबळा होता. समुद्रातून बाहेर पडलेल्या किंवा आत ओढल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्याला बळ दिले. ग्लासगोचा देखरेख्या आणि स्टॉकहोमचा प्राध्यापक दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. आताच्या वाढीत मात्र कक्षेचा संबंध नाही. तिचा बदल जाणवायला हजारो वर्षे लागतात.

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२१ मध्ये दिलेला अंदाज २.५ ते ४ अंश असा आहे आणि मधला आकडा ३ अंश. महासंगणकांनी काढलेल्या या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी पेन्सिलीने काढलेला १९०६ चा ४ हा आकडा बसतो. यात अजून जी तफावत उरली आहे ती मुख्यतः ढगांमुळे. ढग वरून येणारे ऊनही परतवतात आणि खालची उष्णताही अडवतात, आणि पृथ्वी तापली की ते नेमके कसे बदलतील हे सांगणे अवघड आहे. अऱ्हेनिअसने आपल्या हिशेबात ढग आहेत तसेच राहतील असे धरले होते.